डबीत ठेवूनही इअरबड रिकामेच? आधी पिना तपासा

रत्नागिरी : रात्रभर डबीत ठेवलेले बिनतारी इअरबड सकाळी कानाला लावावेत आणि त्यातील एक मुका, तर दुसरा जेमतेम दहा टक्क्यांवर निघावा, हा अनुभव आता शहरातील अनेक घरांना परिचयाचा झाला आहे. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ असे म्हणून नवा जोड घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. वस्तुतः बॅटरी ही सर्वांत शेवटी संशय घेण्याची गोष्ट आहे. डबी आणि बड यांच्यामध्ये असलेल्या दोन-तीन सूक्ष्म धातूच्या ठिपक्यांवर सारा व्यवहार अवलंबून असतो आणि रत्नागिरीसारख्या खाऱ्या, दमट हवेच्या गावात तेच प्रथम दगा देतात. वेळीच लक्ष दिले तर दोष पाच मिनिटांत दूर होतो. महिनाभर दुर्लक्ष केले तर तोच कायमचा होऊन बसतो. (चार्जिंगच्या पेटीला कंपन्या ‘केस’ म्हणतात. मराठीत तो शब्द भलताच अर्थ घेतो, म्हणून येथे सरळ ‘डबी’ म्हटले आहे.)

या उपकरणाची रचना ध्यानात घेतली की दोष शोधणे सोपे जाते. डबीत एक लिथियम-आयन बॅटरी असते व प्रत्येक बडमध्ये त्याच जातीची अगदी चिमुकली बॅटरी असते. ॲपल कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या पहिल्या एअरपॉड्समधील एका बडच्या बॅटरीत अवघी ०.०९३ वॉट-तास ऊर्जा मावत असे. आजच्या पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या मोबाईलच्या बॅटरीत त्याच्या सुमारे दोनशे पट ऊर्जा असते. इतक्या लहान साठ्यामुळे एखादे रात्रीचे चार्जिंग चुकले तरी ते लगेच जाणवते. बड डबीत बसला की डबीच्या तळातील स्प्रिंगच्या पिना बडवरील धातूच्या ठिपक्यांना टेकतात व वीज पुढे जाते. झाकण मिटले आहे की नाही हे डबी चुंबकाच्या साहाय्याने ओळखते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की डबीच चार्ज होत नाही, की डबी भरलेली असूनही बड भरत नाहीत? डबीला वायर जोडल्यावर तिचा दिवा लागत नसेल, तर बडकडे पाहण्यात अर्थ नाही.

वायरचा घोळ

डबीचा दिवा न लागण्यामागे एक कारण असे आहे, की ते दुकानदारालाही पुष्कळदा ठाऊक नसते. नव्या मोबाईलबरोबर येणाऱ्या वायरची दोन्ही तोंडे टाइप-सी प्रकारची असतात. अशा चार्जरमधून वीज आपोआप वाहत नाही. समोर खरोखरच एखादे उपकरण आहे, याची खूण पटल्यावरच चार्जर वीज सोडतो. ही खूण म्हणजे उपकरणाच्या टाइप-सी तोंडाशी बसवलेले ५.१ किलोओहमचे रेझिस्टर. स्वस्त इअरबडच्या काही डब्यांत काही पैशांच्या बचतीसाठी हे रेझिस्टर वगळलेले असतात. परिणामी नव्या, महागड्या चार्जरवर डबी मृतवत पडून राहते आणि घरातल्या जुन्या चार्जरवर, एका टोकाला चपटे आयताकृती तोंड असलेल्या वायरने लावली की लगेच जिवंत होते. तेव्हा डबी बिघडली असे ठरविण्यापूर्वी जुना पाच व्होल्टचा चार्जर आणि जुनी वायर एकदा अवश्य लावून पाहावी.

पॉवर बँकेचेही तसेच. अनेक पॉवर बँका बाहेर जाणारा प्रवाह फार कमी आहे असे दिसताच ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून बंद होतात. इअरबडची डबी मुळातच थोडी वीज घेते. कोकण रेल्वेच्या प्रवासात रात्रभर पॉवर बँकेला लावलेली डबी सकाळी अर्धीच भरलेली निघाली, तर दोष डबीत असेलच असे नाही.

डबीच्या चार्जिंगच्या तोंडात खिशातील कापसाचे तंतू दाबून बसतात व वायर पूर्ण आत जात नाही. ते लाकडी दातकोरणीने हलकेच काढावेत. सुई किंवा टाचणी वापरू नये.

खारी हवा आणि हिरवट कीट

डबीचा दिवा लागतो, परंतु बड भरत नाहीत, किंवा दोघांतील एकच भरतो, अशी स्थिती असेल तर लक्ष पिनांकडे वळवावे. बड काढून डबीच्या खोबणीत उजेडात डोकावले, तर तळाशी दोन किंवा अधिक बारीक पिना दिसतात. बडवर त्यांच्या समोर तेवढेच ठिपके असतात. त्यांवर कानातील मळ, घाम आणि धूळ यांचा थर बसतो व वीज अडते. हे कोणत्याही शहरात घडते. कोकणात त्यात आणखी भर पडते.

घाम वाळला की मीठ मागे राहते. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातही मीठ असते. मिठाचा गुणधर्म असा, की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी का सुटते, हे कोकणातील गृहिणींना सांगावे लागत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता बहुतांश वेळ ही मर्यादा ओलांडूनच असते. म्हणजे मे महिन्यात पिनांवर वाळून बसलेला घामाचा पातळ थर जुलैत पुन्हा ओला होतो, तोही मिटलेल्या डबीत, जेथे हवा खेळत नाही.

डबी बडला वीज देत असताना पिनांवर विजेचा दाब असतो. दोन पिना, त्यांच्यामध्ये मिठाचे पाणी आणि वर विजेचा दाब, एवढे जमले की शाळेच्या प्रयोगशाळेतील विद्युत अपघटनाचा प्रयोग डबीतच सुरू होतो. धन पिनेवरील धातू हळूहळू विरघळतो. या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो मायक्रोमीटरच्या अंशाइतका पातळ असतो. त्याला बारीक छिद्र पडले की खालचा निकेल आणि तांबे उघडे पडतात व हिरवट किंवा काळसर कीट दिसू लागते. दोन पिनांपैकी नेमकी एकच काळी पडलेली दिसते, त्याचे कारण हेच. मुलामा शाबूत असेपर्यंत साफसफाईने काम भागते. तो गेल्यावर पुसून फक्त काही दिवसांची उसंत मिळते. पावसाळ्यात इअरबडची दुरुस्ती ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून लांबणीवर टाकणे महागात पडते ते यामुळे.

साफ करण्यापूर्वी डबीची वायर काढावी. कोरड्या कापसाच्या काडीने किंवा मऊ केसांच्या लहान ब्रशने पिना व ठिपके पुसावेत. एवढ्याने भागले नाही आणि कंपनीच्या पुस्तिकेत मनाई नसेल, तर काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंबभर अंश घेऊन पुसावे व पूर्ण वाळू द्यावे. द्रव थेट डबीत ओतू नये. काचकागद, ब्लेड किंवा नखे साफ करण्याची कानस यांचा मोह टाळावा, कारण कीटाबरोबर मुलामाही निघून जातो. त्यानंतर लाकडी दातकोरणीने प्रत्येक पीन हळूच दाबून पाहावी. ती खाली जाऊन लगेच वर यायला हवी. मळामुळे खालीच अडकून राहिलेली पीन बडला टेकत नाही आणि तो बाजूचा बड उपाशी राहतो. दोन-चार वेळा हलके दाबल्यावर ती बहुधा मोकळी होते.

मांडवीची काळी वाळू

रत्नागिरीकरांपुरती एक गोष्ट निराळी सांगण्याजोगी आहे. बड खोबणीत पक्का बसावा म्हणून डबीत व बडमध्ये छोटी चुंबके असतात. इकडे मांडवी, भाट्ये, मिऱ्या, काळबादेवी या किनाऱ्यांवरील वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही काळी खनिजे आढळतात. मांडवीच्या किनाऱ्याला ‘काळा समुद्र’ म्हणतात ते उगाच नव्हे. यातील मॅग्नेटाइट लोहचुंबकाला झटकन चिकटते; लहानपणी वाळूत चुंबक फिरवून काळी पूड गोळा करण्याचा खेळ येथील कित्येकांनी खेळलेला असेल. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना बड वाळूत पडला किंवा वाळूच्या हातांनी डबी उघडली, की हे कण खोबणीच्या तळाशी जाऊन बसतात. बड केसभर वर राहतो, पिना टेकत नाहीत. हे कण फुंकर मारून निघत नाहीत, ब्रशनेही पुन्हा पुन्हा जागेवर येतात. चिकटपट्टीचा लहान तुकडा काडीच्या टोकाला उलटा गुंडाळून खोबणीत टेकवला, तर ते अलगद उचलले जातात.

बड नीट न बसण्याची इतर कारणे साधी आहेत. कानात बसणारे रबर बदलून मोठे लावले असेल, डबीवर जाड सिलिकॉनचे आवरण चढवले असेल, नव्या जोडाच्या ठिपक्यांवरील पारदर्शक पट्टी काढायची राहिली असेल, तर झाकण मिटल्यासारखे दिसते पण मिटत नाही. याची एक खात्रीची खूण आहे. बड डबीत ठेवून झाकण लावल्यावरही आलेल्या फोनचा आवाज बडमध्येच जात असेल, तर बड डबीत आहे हे त्याला कळलेलेच नाही. तो रात्रभर फोनशी जोडलेला राहून उलट रिकामा होतो.

मोबाईलवर दिसणाऱ्या टक्केवारीवर फार विसंबू नये. अनेक मॉडेलांत ती अंदाजाने दाखविली जाते. पिना स्वच्छ असूनही आकडे विचित्र दिसत असतील, तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे डबीचे बटण ठराविक सेकंद दाबून रिसेट करावे आणि ब्लूटूथच्या यादीतून जुनी जोडणी काढून पुन्हा जोडणी करावी. यासाठी दुकानात पैसे मोजण्याचे कारण नाही. ओळखीत कोणाकडे त्याच मॉडेलचा जोड असल्यास आपला बड त्यांच्या डबीत ठेवून पाहावा. तेथे भरला तर दोष आपल्या डबीत, न भरला तर बडमध्ये, इतका सरळ निवाडा होतो.

बॅटरी खरोखर गेली असेल तर

लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी होऊन पडून राहिली, की तिचा दाब घसरत जातो आणि ठराविक पातळीखाली गेल्यावर आतील संरक्षक यंत्रणा तिला बंद करते. गावच्या बंद घरात गणपतीपासून शिमग्यापर्यंत कपाटात राहिलेला जोड चालू होत नाही तो यामुळे. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागात अनेक दिवस वीज नव्हती. तशा दीर्घ खंडातही हेच होते. अशा वेळी पिना पुसून बड डबीत ठेवावेत व डबी दोन-तीन तास चार्जरला लावून ठेवावी. कित्येकदा जोड पुन्हा सुरू होतो. त्यानंतरही हालचाल नसेल, तर कोणी ‘झटका देऊन’ बॅटरी जागी करून देतो म्हटले तरी नकार द्यावा. फार खाली गेलेली लिथियम बॅटरी जबरदस्तीने भरणे आगीला निमंत्रण आहे. वापरायचे नसतील तेव्हा बड निम्मे भरून ठेवावेत व महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चार्ज करावेत.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत डबी राहिली असेल, तर ती गार होईपर्यंत थांबावे. या बॅटऱ्या साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरून घेतल्या जात नाहीत. डबी फुगलेली दिसली, सांध्याला फट पडली, गोडसर रासायनिक वास आला किंवा हाताला चटका बसू लागला, तर मात्र प्रयोग तत्काळ थांबवावेत, वायर काढावी आणि ती पुन्हा लावू नये.

भिजलेला जोड तांदळात पुरण्याचा उपाय आपल्याकडे लोकप्रिय आहे. तांदूळ घरात असतोच, हेच त्याचे खरे कारण असावे. तांदळाची पूड व कण पिनांत शिरतात. ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नये, असे सांगितले होते. बड व डबी पुसून, झाकण उघडे ठेवून, पंख्याखाली दिवसभर वाळवणे बरे. पुढे डबी ठेवण्याच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. ‘आयपीएक्स ४’ हा शिक्का केवळ शिंतोड्यांपासून संरक्षणाची हमी देतो आणि तो सहसा बडपुरता असतो, डबीपुरता नव्हे. पावसातून आल्यावर ओले बड तसेच डबीत टाकणे ही पिना सडविण्याची सर्वांत जलद रीत होय.

हमीची मुदत साधारणतः एक वर्षाची असते, मात्र गंज दिसला की ‘पाण्याने झालेले नुकसान’ असा शेरा मारून दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. म्हणून दोष दिसताच, कीट धरण्याआधी, पिनांची छायाचित्रे काढून ठेवावीत, बिल जपावे व सेवा केंद्राला लेखी कळवावे. बडचा दोष वारंवार येत असूनही दाद मिळत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ऑनलाइन मागविलेल्या वस्तूसाठी मुंबई किंवा बंगळुरू गाठण्याची गरज नाही. रत्नागिरीतच तक्रार दाखल करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

जोड दुरुस्तीपलीकडे गेला असेल, तर तो घंटागाडीतील ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या दाबाने लिथियम बॅटरी फुटून पेट घेऊ शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात जुना जोड घेतला जातो का, याची चौकशी करावी आणि तोपर्यंत तो धातूच्या वस्तूंपासून दूर, कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावा.