याला जोड आहे का?

घड्याळ काढून ठेवा, मोबाइलही. अंगातला शर्टसुद्धा थोड्या वेळानं उतरवावा लागणार आहे, पण तूर्त राहू द्या. चैत्राचं ऊन आहे आणि तुमच्या पाठीला त्याची सवय नाही.

कोपरगावच्या स्टेशनावर उतरलात तेव्हा तुम्ही चांगले पाच फूट आठ इंच होतात. बैलगाडीत बसलात, गोदावरी ओलांडलीत, पलीकडचा चढ चढून खाली उतरलात, आणि बघता तर गाडीवान तुमच्याशी मान खाली घालून बोलतोय. घाबरू नका. वाटेत सहा इंच गळाले, बाकी सगळं जागच्या जागी आहे. उलट काही ठिकाणी भरच पडली आहे. मान चाचपून पाहा, थेट खांद्यातूनच सुरू होते. डावा कान मोडून त्याची गुठळी झाली आहे. हा कान म्हणजे इथली ओळख. वाटेवरचा म्हातारा तुमच्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघतो आणि अदबीनं विचारतो, "कुन्या तालमीचं, पैलवान?" मग त्याची नजर कानावरून खाली उतरते, फारच लवकर पायांपर्यंत पोचते, आणि तो दिलेला 'पैलवान' परत घेतो. "पळ पोरा, रेवड्यांच्या कुस्त्या लागतीलच आता."

तुम्ही शिर्डीत आहात. आजची शिर्डी, तिच्या दर्शनरांगा आणि हॉटेलांच्या पाट्या डोक्यातून काढून टाका. हे चार-दोनशे घरांचंही नसेल असं वाटणारं खेडं आहे. मातीच्या भिंती, निंबाच्या सावल्या, आणि मधे ती पडकी मशीद, जिथं फकीर बसलेला असतो. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना तीन लग्नं करूनही मूल नव्हतं. मग मुलगा झाला, तो या फकिराच्या, साईबाबांच्या आशीर्वादानं झाला असं त्यांनी मानलं आणि 1897 मध्ये इथं उरूस भरवायचं मनावर घेतलं. त्यानंतरच्या एखाद्या उरुसात तुम्हाला आणून सोडलंय. रामनवमीचा दिवस. आभाळात ढगाचं बोटही नाही.

पहिल्यांदा जाणवतं ते पाणी. म्हणजे पाण्याचं नसणं. गावात विहिरी दोन. एक लवकर आटते, दुसरीचं पाणी या गर्दीला पुरत नाही, म्हणून तात्या पाटलांनी लांबच्या विहिरीवर मोटा लावल्या आहेत. चाकाची करकर, बैलांना दिलेली हाळी आणि मोट उपडी होताना पाण्याचा भडभडाट, एवढं ऐकूनच घशाला बरं वाटतं. दाभोलकरांनी 'साईसच्चरिता'त या उरुसाच्या खटपटी सांगितल्या आहेत. पाण्याची सोय, तात्पुरती दुकानं आणि कुस्त्या. तिन्ही एकाच दमात. मला हे फार आवडतं. जत्रेला देव असतोच, पण पाणी, जिलेबी आणि कुस्ती यांतलं एकही कमी पडलं तर लोक गाड्या वळवून घरी जातील, हे भरवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर चला गर्दीत. नगरच्या दामूअण्णा कासारांनी करून आणलेलं निशाण आणि निमोणकरांचं भरजरी निशाण मिरवत मशिदीकडे निघालीत. पायाखाली धुरळा घोट्यापर्यंत. धुपाचा वास येतो, त्याच्यामागून तळणाचा, त्याच्यामागून बैलांच्या शेणाचा, आणि मग एकदम करडईच्या तेलाचा. तो शेवटचा वास आला की समजा आखाडा जवळ आला. रात्री कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करचा संदल निघेल, पण तोवर तुम्ही शुद्धीवर असाल याची खात्री मी देत नाही.

शेजारून चालणारा म्हातारा मशिदीकडे हात करून हळूच सांगतो की, तो आत बसलाय ना, त्यालाही तरुणपणी कुस्तीचा शौक होता. गावातल्या मोहिद्दीन तांबोळ्याशी त्याचं काहीतरी बिनसलं, दोघं भिडले आणि फकीर हरला. तेव्हापासून त्यानं आधीचा वेष सोडला, कफनी घातली, डोक्याला फडकं बांधलं. हीही गोष्ट पुढे त्याच पोथीत येणार आहे. दोघांत उंच कोण, भारी कोण, हे म्हातारा सांगत नाही. तुम्ही विचारूनही नाही. पण तुमच्या मनात सकाळपासून तेवढंच घोळतंय, नाही का?

हगामा गावाबाहेरच्या रानात आहे. नांगरून, खडे वेचून भुसभुशीत केलेली माती, तिच्यावर जपून शिंपडलेलं पाणी, आणि भोवती माणसांचं कडं. पुढचे मांडी घालून, मागचे उकिडवे, त्यांच्या मागचे उभे, त्यांच्याही मागचे गाडीच्या जुवावर आणि निंबाच्या फांद्यांवर. हलगी कडाडते आहे. उन्हात शेकलेलं तिचं कातडं इतकं ताणलंय की प्रत्येक टिपरीगणिक तुमच्या दातांत कळ जाते.

आता शर्ट काढा. लांग कसा. मूठभर माती घेऊन कपाळाला लावा, मग खांद्यांना. ती वरून भाजते आणि दोन बोटं खाली गार आहे. हे लक्षात ठेवा, नंतर तोंड त्याच गार थरात जाणार आहे.

आणि आता या दिवसाचा सगळ्यात अवघड भाग. तुम्हाला वाटलं तो कुस्ती असेल. छे. तो आहे जोड मिळवणं.

तुमचं वजन किती, हे या मैदानात कुणालाच माहीत नाही. गावात तागडी आहे ती गुळाची आणि धान्याची. माणूस तोलायचा तो पंचांच्या डोळ्यांनी. एक फेटेवाले पंच तुमचं मनगट धरतात, दंड दाबून बघतात, मांडीवर थाप मारतात आणि हात उंच धरून तुम्हाला कड्याभोवती फिरवतात. "याला जोड हाये का? याला जोड?" समोरून कुणी उठलं तर पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात. तुमचा खांदा त्याच्या काखेत जातो. लोक हसतात. पंच मान हलवतात. जा, बसा.

पहिल्यांदा ज्याच्याशी तुमची जोड जमते, तो मिसरूडही न फुटलेला पोरगा आहे. तुम्ही नकार देता. दुसऱ्या खेपेला उठलेला गडी तुमच्याहून वीतभर उंच आणि चांगला रुंद, पण आता तोच नकार देतो. लोकांना वाटतं तो गुर्मीत आहे. तसं नाही. त्याचा हिशेब बघा. तुम्हाला पाडलं तर लोक म्हणणार, पोराला पाडलंस, त्यात काय? आणि तुम्ही पाडलंत तर त्याला पुढची पाच वर्षं कुठल्याच जत्रेत फेटा बांधून फिरता येणार नाही. हरायला भरपूर, जिंकायला काही नाही. लहान अंगाच्या पैलवानाचं खरं दुखणं हेच. त्याला पाडणारे कमी, टाळणारे जास्त.

शेवटी गर्दीच तुमच्या मदतीला येते. "लाव रं! भ्याला का?" दोन चार आवाज, मग शंभर. आता मात्र नकार देणं त्याला महाग पडेल. तो शड्डू ठोकतो. मांडीवरचा तो आवाज तुमच्या पोटात वाजतो.

हात मिळाले. खडाखडी सुरू. त्याचा तळवा तुमच्या मानेमागे येऊन बसतो आणि त्या क्षणी तुम्हाला कळतं की आकाराला काही अर्थ नाही म्हणणारे लोक कधी मातीत उतरलेले नसतात. तो जोर करत नाही, नुसता ओणवा होतो, तरी तुमचे गुडघे वाकतात. तेलानं, घामानं पकड निसटते. तुम्ही खाली बुडून पट काढायला जाता. तुमच्याकडे ही एक सोय आहे. तुमच्या पायांपर्यंत पोचायला त्याला जेवढं वाकावं लागेल, त्याच्या निम्मंही तुम्हाला लागत नाही. पाय हाताशी येतो. गर्दी उसळते. आणि तो पाय मागे टाकून आपलं सगळं अंग तुमच्या पाठीवर सोडून देतो, ज्वारीचं भरलं पोतं सोडावं तसं.

बसा आता खाली. नाकात माती, दाढेखाली माती. तो तुमच्या मानेवर कोपरापासून मनगटापर्यंत हात घासतोय. याला घिस्सा म्हणतात, आणि उद्या सकाळी तो पुन्हा आठवेल. कलाटण्यासाठी तो कमरेत हात घालतो. तुम्ही पोट जमिनीला चिकटवून पसरता. तो उचलतो, तुम्ही पुन्हा पसरता. इथं घड्याळ नाही, गुण नाहीत. पाठ टेकेपर्यंत कुस्ती.

हळूहळू तुम्हाला त्याचा श्वास ऐकू येऊ लागतो. आधी येत नव्हता. एवढं मोठं अंग या उन्हात वागवायचं म्हणजे त्यालाही किंमत आहे. त्याचा घाम तुमच्या पाठीवर टपटपतोय. पकड सैल होते न होते तोच तुम्ही गुडघ्यावर येता, उठता, त्याच्या दंडाखालून डोकं सारता. बगलडूब! त्याच्या मागे. कंबर तुमच्या हातात. पण ती तुमच्या हातांत मावत नाही. बोटांना बोटं भिडत नाहीत. तो झटका देऊन सुटतो आणि दोघं समोरासमोर ओणवे, हात गुडघ्यांवर, नुसते धापा टाकत.

सूर्य निंबाच्या शेंड्याला टेकल्यावर पंच मधे येतात. बरोबरीत सोडवली. लोक तुमच्या हातावर पैसे ठेवतात, कुणी पागोट्याचा शेव फाडून कपाळाची माती पुसतो. समोरचा तोंड न दाखवता गर्दीतून निघून जातो. त्याची कीव येते ना? येऊ द्या, पण पाणी प्या आधी. मोटेचं आहे.

अंग तेवढंच ठेवा, पिढी बदला. कोल्हापूर, राजाराम कॉलेज, स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ. अंगावर लांगेऐवजी इस्त्रीचा सदरा आहे, शाईचा वास येतोय आणि तुम्ही वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला उभे आहात. तुमच्यापुढे साताऱ्याकडचा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक मुलगा. पाच फूट पाच इंच. कान बघा. तुम्ही ओळखाल, क्रीडाशिक्षक ओळखत नाहीत. त्यांची नजर शिर्डीच्या त्या म्हाताऱ्यासारखी वरून खाली जाते आणि ते त्याचं नाव घ्यायला नकार देतात. काडी पैलवान, लागेल कुठेतरी. तेही काही दुष्ट नाहीत. पंचही नव्हते.

मुलगा वाद घालत नाही, प्राचार्यांकडे जातो. तिथून परवानगी मिळते. मग जे होतं ते तुम्ही कड्याला बसून पाहा. आपल्याहून थोराड मुलांना तो एकामागून एक चीत करतो. कोल्हापूरची गर्दी कुस्ती जाणते, त्यामुळे हसणं पहिल्याच जोडीला थांबतं. ढाक लावतो तेव्हा समोरच्याची मान त्याच्या काखेत आणि पाय आभाळात.

खाशाबा जाधव. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकला गेला, गादीवर तोवर कधी खेळलाच नव्हता, तरी सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तिकडे बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोंत, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्या त्याला आणायला निघाल्या होत्या. त्यांतल्या एखाद्या गाडीत तुम्हाला बसवलं असतं, पण धुरळा आज पुरेसा खाल्लाय.

मला त्या लंडन-हेलसिंकीच्या वजनकाट्याचं फार अप्रूप वाटतं. शिर्डीत ज्याच्यासाठी दिवसभर हात वर करून फिरलात, ती जोड तिथं काट्यानं बिनबोभाट लावून दिली. समोरचा तुमच्याएवढाच. आता हसायला कुणाला जागा नाही, टाळायला कारण नाही. काटा नसता तर खाशाबाला कोणी लावून घेतलं असतं, या प्रश्नाला उत्तर राजाराम कॉलेजच्या त्या नाव नोंदवायच्या टेबलाशीच मिळालं होतं.

पण काट्याचीही एक खोड आहे. ती बघायला परत शिर्डीच्या जिल्ह्यात या. 2025, अहिल्यानगर, वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरी. डीजेनं हलगी गिळली आहे, फ्लडलाइट आहेत, माती आणि गादी शेजारी शेजारी. वजनाच्या खोलीत मुलं काल रात्रीपासून उपाशी, ओठ सुकलेले, काही जण अजून घाम काढायला जाकिट घालून पळतायत. तुम्ही काट्यावर चढता. लाल आकडा थरथरतो आणि थांबतो. 57.

तुम्ही पलीकडे टेबलावर ठेवलेल्या चांदीच्या गदेकडे बोट दाखवता. नोंदणीवाला हसत नाही, तो फक्त यादी बघतो. गदा केसरी गटाची, साहेब. 86 ते 125 किलो. पृथ्वीराज मोहोळ आणि महेंद्र गायकवाड शेवटच्या कुस्तीला उभे राहतील ते त्या गटात. तुमच्या 57 किलोंच्या गटाला स्वतंत्र विजेता आहे, पदकही आहे, पण ती गदा नाही. हेलसिंकीहून पदक घेऊन आलेला माणूस त्या वजनात इथं उभा राहिला असता तरी त्याला हेच सांगितलं गेलं असतं.

तुम्ही विचारता, "पण कुणी मोठा तयार असेल तर? मी लावतो जोड."

तो चष्म्यावरून बघतो. वरून खाली. तीच नजर.

"पैलवान, उतरा काट्यावरनं. मागं रांग लागलीय."