ड जीवनसत्त्वाचे रक्तमापन

शरीरातील ड जीवनसत्त्वाचा साठा पुरेसा आहे की नाही, हे ठरविण्यासाठी रक्तरसातील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या निवळ द्रवातील) २५-हायड्रॉक्सी-ड जीवनसत्त्व या संयुगाचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजतात.

इतिहास : १९१९ मध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांत विशिष्ट आहाराने मुडदूस निर्माण केला व कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो, असे दाखविले. त्याच वर्षी कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी जंबुपार किरणांच्या साहाय्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. तेलातील अ जीवनसत्त्व नष्ट केल्यावरही त्याचा मुडदूसरोधी गुण टिकून राहतो, असे १९२२ मध्ये ई. व्ही. मॅकॉलम व त्यांचे सहकारी यांना आढळले. हा निराळा घटक पुढे ड जीवनसत्त्व या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्याच्या मापनाची पहिली पद्धत जैव आमापनाची होती. मुडदूस झालेल्या उंदरांना परीक्ष्य पदार्थ खाऊ घालीत व नंतर त्यांच्या हाडाचा छेद सिल्व्हर नायट्रेटाच्या विद्रावात ठेवीत. नव्याने साचलेले कॅल्शियम काळसर रेषेच्या रूपात दिसे. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक ठरविण्यात आले, ते ०.०२५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाइतके आहे. मात्र या पद्धतीने तेलाचा वा औषधाचा गुण कळे, रुग्णाच्या रक्तातील साठा कळत नसे. वैद्यांना रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस आणि हाडांची क्ष-किरण चित्रे यांवरच अवलंबून राहावे लागे व रोग बळावल्यावरच ही लक्षणे स्पष्ट होत.

१९६८ मध्ये एच्. एफ्. डेलूका व त्यांचे सहकारी यांनी २५-हायड्रॉक्सी रूप वेगळे केले. ते यकृतात तयार होते, तर वृक्कात त्यापासून १,२५-डायहायड्रॉक्सी हे क्रियाशील रूप बनते, हे १९७०–७१ मधील संशोधनाने निश्चित झाले. मापनासाठी क्रियाशील रूप उपयोगी पडत नाही. रक्तात ते काही तासच टिकते. शिवाय न्यूनता असताना परावटू ग्रंथीच्या हॉर्मोनामुळे त्याचे उत्पादन वाढून पातळी प्राकृत किंवा अधिकही दिसू शकते. २५-हायड्रॉक्सी रूपाचे अर्धायुष्य सु. २ ते ३ आठवडे असल्याने ते साठ्याचे विश्वसनीय निदर्शक ठरते.

जे. जी. हॅडड व के. जे. च्यू यांनी १९७१ मध्ये स्पर्धात्मक प्रथिन-बंधन पद्धत प्रसिद्ध केली. तीत नमुन्यातील संयुग व किरणोत्सर्गी खूण असलेले तेच संयुग यांत बंधक प्रथिनावरील जागांसाठी स्पर्धा होते. नमुन्यातील प्रमाण जितके अधिक, तितकी बद्ध किरणोत्सर्गिता कमी. उन्हात काम करणाऱ्या जीवरक्षकांची पातळी सर्वसामान्य व्यक्तींच्या दुपटीहून अधिक असल्याचे या पद्धतीने दिसून आले. १९८५ मध्ये बी. डब्ल्यू. हॉलिस व जे. एल्. नॅपोली यांनी प्रतिपिंडांवर आधारित किरणोत्सर्गी प्रतिरक्षा आमापन विकसित केले व १९९३ मध्ये त्यात आयोडिनाचा किरणोत्सर्गी समस्थानिक वापरण्यात आला. पुढे स्वयंचलित यंत्रांमुळे परीक्षेचा प्रसार झाला.

अचूकता : हे संयुग रक्तातील प्रथिनाशी घट्ट बांधलेले असते व ते पूर्णपणे सुटे झाले नाही, तर मापन चुकते. काही प्रतिपिंड ड-२ व ड-३ या प्रकारांना सारखा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे एकाच नमुन्याचे निष्कर्ष प्रयोगशाळेनुसार भिन्न येत. यावर उपाय म्हणून १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये बाह्य गुणवत्ता-तपासणीची योजना सुरू झाली आणि २००९ मध्ये अमेरिकेत प्रमाणित रक्तरस उपलब्ध झाला. द्रव वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांची संयुक्त पद्धत आज सर्वांत विश्वसनीय मानतात.

अर्थनिर्णय : पातळी प्रतिमिलिलिटर नॅनोग्रॅममध्ये किंवा प्रतिलिटर नॅनोमोलमध्ये (सु. २.५ पट संख्या) देतात. बहुसंख्य लोकांना २० नॅनोग्रॅम पुरेसे आहेत, असे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने म्हटले, तर २०११ मध्ये तेथील अंतःस्रावी वैद्यकाच्या संस्थेने ३० ची मर्यादा सुचविली. या फरकामुळे एकच व्यक्ती एका निकषाने निरोगी, तर दुसऱ्याने न्यूनताग्रस्त ठरे. २०२४ मध्ये या संस्थेने ३० चा आग्रह सोडला व निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस केली. भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही न्यूनता आढळते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील पाहणीत उघड्यावर काम करणाऱ्या सैनिकांपेक्षा रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका यांची पातळी पुष्कळच कमी होती. मुडदूस, अस्थिमार्दव, यकृत व वृक्क यांचे विकार आणि अन्नशोषणातील दोष यांच्या निदानात मात्र ही परीक्षा महत्त्वाची आहे.