गुडघ्याची नोंद कोण ठेवतो?

मंडळी, काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चाल बघतो. पैलवानाच्या दुखण्याची नोंद मात्र वस्तादाच्या आठवणीत!

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, लोकांनी वर्गणी काढली. पुढं गुडघा दुखावला नि १९५६चं ऑलिंपिक हुकलं. बघा, जायला वर्गणी निघते. दुखण्याला निघत नाही.

२०१२ साली राज्यात जीवनदायी योजना आली, उपचाराची मंजुरी संगणकावरून मिळू लागली. २०२१ पासून देशभर डिजिटल आरोग्य ओळख आली. तोच आजचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक. नोंदीची सोय झाली. पण गुडघा बरा होईस्तोवर सहा महिने आखाडा बंद राहिला, तर पोराचा खुराक कुणी द्यायचा? तो हिशेब अजून घरच्यांच्याच वहीत आहे.