म्हैसूरची दसरा-सभा

म्हैसूरचा दसरा म्हटले की अंबारी डोळ्यांपुढे येते; पण या शहराने दसऱ्याच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडवली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची. 1881 साली, पन्नास वर्षांच्या इंग्रजी अमलानंतर राज्य वाडियारांकडे परतले, त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लूंनी प्रतिनिधी सभा भरवली. 7 ऑक्टोबरला 144 सदस्य जमले. दिवाणांनी त्यांच्यासमोर कारभाराचा लेखाजोखा मांडला.

यावर आक्षेप ठरलेला आहे : सभेला अधिकार नव्हते, सदस्य नेमलेले होते, बहुतेक जमीनदार वा व्यापारी. आक्षेप खरा आहे. 1891 मध्ये निवडणूक आली, तीही मिळकत आणि शिक्षणाच्या अटींवर. बायकांना मताच्या हक्कासाठी 1923 पर्यंत थांबावे लागले. पण अधिकार नसलेल्या सभेनेही दरसाल दिवाणाला उत्तर द्यायची सवय लावली, तलावाच्या आणि रस्त्याच्या गाऱ्हाण्याला दरबारात जागा दिली. प्रतिनिधी निवडायचा तो आपले गाऱ्हाणे वर नेण्यासाठी, ही समज रुजायला कायद्याआधी असा सराव लागतो. पुढे 1907 मध्ये विधान परिषद स्थापन झाली, तेव्हा दिवाण होते व्ही. पी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आपल्याकडे त्यांची आठवण फारच कमी निघते, ती निघायला हवी.

रंगाचार्लू 1883 मध्ये वारले. म्हैसूरचा टाउन हॉल त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला आहे.