स्वर का फाटतो? तंबोऱ्याच्या जवारीपासून घरच्या सिंथेसायझरपर्यंत

1926 मध्ये लखनौत पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. 2 एप्रिल 1938 रोजी त्याच शहरात ऑल इंडिया रेडिओचे केंद्र सुरू झाले. गुरूसमोर बसून ऐकायचा स्वर आता ॲम्प्लिफायरमधून श्रोत्यांकडे जाऊ लागला आणि नवाच प्रश्न उभा राहिला: कानी पडणारे उपस्वर गायकाचे, तंबोऱ्याचे, की यंत्राचे?

उपस्वरांची भर हा मुळात दोष नव्हे. ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू तार छेडण्याच्या जागी येतो, ते उमटू नयेत असा नियम मानला जाई. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले. घोडीच्या वक्र पृष्ठभागाला तारेचा वारंवार होणारा स्पर्श हे त्याचे कारण. जवारी काढणारा कारागीर ही भर हेतुपुरस्सर घडवतो. ॲम्प्लिफायर ती आपोआप घालतो. आत आलेल्या संकेताच्या प्रमाणात बाहेरचा संकेत वाढला नाही, की मुळात नसलेले उपस्वर जन्मतात. हीच विकृती. खरखर संकेत थांबल्यावरही उरते. विकृती संकेतासोबतच येते आणि जाते.

लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ओळीने अनेक ॲम्प्लिफायर असत आणि प्रत्येकाची विकृती साचत जाई. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांना 2 ऑगस्ट 1927 रोजी नावेतून हडसन नदी ओलांडताना उपाय सुचला; हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी तो मांडला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे चूक बरीचशी वजा होते. मात्र त्यासाठी वर्धनाचा मोठा भाग गमवावा लागतो. या कल्पनेला अमेरिकन पेटंट मिळण्यास डिसेंबर 1937 उजाडला.

1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. आज विद्यार्थी तशी सर्किटे घरी जोडतात. सिंथेसायझरचा करवती तरंग उपस्वरांनी आधीच भरलेला असतो व त्यात विकृती लपते. म्हणून तपासणीसाठी साइन तरंग द्यावा. आवाज वाढवल्यावरच स्वर फाटत असेल, तर पुरवठ्याच्या व्होल्टेजला टेकून तरंगाचे माथे कापले जात असतात. मॉड्युलर सिंथेसायझरचा संकेत शिखरापासून तळापर्यंत सुमारे 10 व्होल्टचा असतो. साध्या ॲम्प्लिफायरला सुमारे 1 व्होल्ट पुरतो. तेथे दोन रेझिस्टर जोडून संकेत विभागावा लागतो. उलट, हळू आवाजात कर्कशपणा अधिक जाणवत असेल, तर शेवटच्या ट्रान्झिस्टर-जोडीचा बायस तपासावा. प्रत्येकाला वाहू लागण्यास सुमारे 0.6 व्होल्ट लागतात. बायस अपुरा असल्यास एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना मध्ये पोकळी राहते.

ब्लॅक यांचा फीडबॅक ही पोकळी बरीच भरून काढतो. कापलेले माथे मात्र त्याला परत आणता येत नाहीत, कारण वर चढायला व्होल्टेजच शिल्लक नसते. म्हणून विकृती प्रथम कोणत्या टप्प्यावर उमटते, ते आधी शोधावे लागते. जवारीचा कारागीर दोरा किंचित सरकवून पुन्हा ऐकतो. सर्किट दुरुस्त करणाऱ्यालाही एका वेळी एकच बदल करून पुन्हा ऐकावे लागते.