नकाशावरून पुसलेली रेघ

मामाकडे जाताना गेवराई मागे पडली की शहागडला गोदावरीचा पूल लागतो. पूल ओलांडला की जालना जिल्हा, आणि थोड्याच वेळात वडीगोद्री. बसमधली म्हातारी माणसं अजूनही पुलावर हात जोडतात. इकडे तिला गोदावरी कोणी म्हणत नाही. गंगाच म्हणतात.

दोन देशांत वाटलेली नदी म्हटलं की आपल्याला सिंधू नाहीतर नाईल आठवते. पण 1948 पर्यंत आपली ही गंगासुद्धा जवळजवळ तशीच होती. उगम ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, आणि पैठण, अंबड, नांदेड निजामाच्या राज्यात. नेवासा-शेवगावकडचा काठ इंग्रजांचा, समोरचा वैजापूर-गंगापूरचा निजामाचा. म्हणजे नदीच सरहद्द! :)

आता थोडा भूगोल (झोपू नका). इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अंबडकडे सहा-सातशे. खाली काळा बेसॉल्ट खडक. त्यात पाणी मुरतं ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी विहीर फेब्रुवारी-मार्चलाच तळ दाखवते. थोडक्यात, या खोऱ्यातलं हुकमी पाणी सह्याद्रीत आहे, आणि सपाट काळी जमीन खाली.

इंग्रजांनी हे बरोबर ओळखलं. 1916 मध्ये दारणा आणि 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं. कालवे निघाले ते त्यांच्या हद्दीत. सरहद्दीपलीकडच्या रयतेचा विचार ते कशाला करतील? निजामानेही 1931 मध्ये निजामसागर बांधला, पण तो मांजरेवर, तेलंगणात. गोदावरीकाठच्या मराठवाड्यासाठी तसं काहीच झालं नाही. एक सरकार वरचं, एक खालचं, आणि मराठवाडा दोघांच्याही यादीत शेवटी.

1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. रेघ नकाशावरून पुसली गेली. पण धरणं आणि कालवे जिथल्या तिथेच राहिले. आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी सिस्टीम. मालक बदलला, कॉन्फिगरेशन तेच :(

मराठवाड्याचं मोठं धरण मूळ योजनेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होणार होतं. ते पुढे बरंच वर, पैठणला सरकलं, पण नाव तेच चिकटलं. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. साठवण सुमारे 102 टीएमसी, त्यातलं वापरता येण्यासारखं 76. डावा कालवा 208 किलोमीटरचा, आणि तो वडीगोद्रीच्या शिवारातून जातो. त्याच्या भरवशावर इकडे ऊस आला, मोसंबी आली.

खरी गंमत पुढे आहे. 1975 मध्ये महाराष्ट्र आणि आंध्रचा करार झाला: पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राचं. 1980 मध्ये बच्छावत लवादाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे परक्यांशी वाटणी चोख, लेखी. पण पैठणच्या वर महाराष्ट्राने आपापसात ते कसं वाटायचं? लवाद त्यात पडला नाही. वरच्या भागात धरणं वाढत गेली आणि टंचाईत खाली किती सोडायचं याचा कायदा यायला 2005 उजाडलं. त्यातही धरणनिहाय आकडे ठरले 2014 मध्ये: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के पाणी नसेल, तर वरून सोडायचं. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तत्त्व उचलून धरलं, तरी 2023 मध्ये पाणी सोडताना पुन्हा आंदोलनं, पुन्हा कोर्ट.

मधल्या काळात 2012 चा दुष्काळ येऊन गेला. धरण मृतसाठ्यात गेलं, कालवा कोरडा. जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मामाचीही वाळली. बारा वर्षांची झाडं त्याने स्वतः तोडली. त्यानंतर त्याने मोसंबी लावली नाही.

नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला व्हिलन करायचं नाहीये. त्याच्या आजोबांनीही कालव्याच्या भरवशावर द्राक्ष-ऊस उभा केला, आणि नदीतून पाणी सोडलं की वाटेतच बरंच जिरतं हेही खरं. पण हा वाद सुरू झाला की दोन्हीकडचे 'आमचं पाणी' म्हणतात, तेव्हा त्या 'आमचं' मध्ये जुनी सरहद्द डोकावते. इंग्रज गेले, निजाम गेला, आपण अजून त्यांच्याच रेघेवर भांडतोय.

मामाला हे सगळं एकदा लॅपटॉपवर नकाशा उघडून दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं आणि विचारलं, "हे ठीक आहे रे, पण औंदा कालव्याला पाणी कधी सुटणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॅपटॉप मिटला आणि चहा घेतला.