नाव न घेतलेला कीचक आणि घरातला राघोबा

पदव्युत्तर वर्गाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एक तक्ता काढत आलो. डावीकडे कीचक, सैरंध्री, कंकभट, बल्लव; उजवीकडे लॉर्ड कर्झन, हिंदभूमी, नेमस्त, जहाल. विद्यार्थी तो तक्ता उतरवून घेत, उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा मांडत आणि आम्हीही मुकाट्याने गुण देत असू. गेल्या पावसाळ्यात प्रतापनगरात आमच्याकडे भरलेल्या वाचनबैठकीत एका विद्यार्थिनीने या तक्त्यावरच बोट ठेवले. नाटक १९०७ चे; कर्झन १९०५ च्या नोव्हेंबरातच हिंदुस्थान सोडून गेला होता. मग निघून गेलेल्या माणसाच्या वधाचे सरकारला भय का वाटावे? आणि वाटलेच, तर बंदी यायला १९१० का उजाडावे?

प्रश्न साधा होता, पण उत्तर चटकन देता आले नाही. या लेखात जे काही आहे ते त्या न दिलेल्या उत्तराच्या पाठपुराव्यातून आले आहे. त्यासाठी थोडे लांबून, लंडनहून, यावे लागेल.

७ फेब्रुवारी १६०१. अर्ल ऑफ एसेक्स याचे काही पाठीराखे शेक्सपिअरच्या मंडळीकडून ‘रिचर्ड दुसरा’ हे नाटक मुद्दाम लावून घेतात. नाटक जुने झाले आहे, प्रेक्षक येणार नाहीत, अशी नटांची तक्रार. तेव्हा नेहमीच्या उत्पन्नावर चाळीस शिलिंग जास्त देऊ केले जातात. नाटकात राजा पदच्युत होतो. दुसऱ्याच दिवशी एसेक्स लंडनच्या रस्त्यावर बंडाला उतरतो, फसतो आणि महिना संपण्यापूर्वी त्याचे मस्तक धडावेगळे होते. नटांची चौकशी झाली, पण त्यांना शिक्षा झाली नाही. राजाने मुकुट उतरवून देण्याचा प्रवेश मात्र राणी एलिझाबेथच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो प्रथम १६०८ च्या आवृत्तीत दिसतो. नाटककाराने एक अक्षर बदलले नव्हते. त्या शनिवारी कोण पाहायला बसले होते, एवढ्यावरून नाटकाचा अर्थ बदलला.

पुढे जेम्स पहिल्याच्या काळात ही धास्ती अधिक खोल गेली. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी पार्लमेंट राजासकट उडवून देण्याचा सुरुंगाचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर वर्षभरातच, बहुतेक अभ्यासकांच्या मते १६०६ मध्ये, ‘मॅक्बेथ’ उभे राहिले. घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाचा खून, तोही त्याच्याच नातलग सरदाराकडून. नाटकातल्या द्वारपालाचा दुटप्पी बोलणाऱ्यांवरचा विनोद आज वर्गात कोणाला हसवत नाही. पण त्याच साली फादर गार्नेट या जेझुइटावर कटाचा खटला चालला होता आणि शपथेवर द्व्यर्थी बोलावे की नाही हा तेथे जीवन-मरणाचा मुद्दा झाला होता. हे सारे इंग्लंडात घडत असताना नाटक घडते जुन्या स्कॉटलंडात. बेन जॉन्सनने ‘सिजेनस’ रोममध्ये नेले, तरी त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागलेच. म्हणजे स्थळकाळाचे अंतर नाटककाराला आडोसा देते, पण तो आडोसा प्रेक्षकाच्या कल्पनेलाही मोकळे रान देतो. नाव कोरे ठेवले की ते ज्याने त्याने भरायचे. सरकारी वाचकही त्यातलाच एक.

आता ‘कीचकवधा’कडे. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा अस्तित्वात होताच. बंगाली रंगभूमीवरील राजकीय नाटकांच्या निमित्ताने तो झाला होता. खाडिलकरांनी महाभारतातले विराटपर्व निवडले, एका इंग्रज पात्राची तरतूद केली नाही. तरी कंकभट होऊन बसलेल्या युधिष्ठिराचा सबुरीचा सल्ला आणि बल्लवाच्या वेषातल्या भीमाची तडफड प्रेक्षकांना कळायला भाष्याची गरज नव्हती. मध्यंतरी १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले आणि ‘केसरी’ची जबाबदारी खाडिलकरांवरच आली. तोपर्यंत कीचक रंगमंचावर मरत होता आणि सरकार पाहत होते.

मग आला २१ डिसेंबर १९०९ चा दिवस. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनच्या बदलीनिमित्त किर्लोस्कर मंडळीचा प्रयोग होता. नाटक कोणते? देवलांचे ‘शारदा’. जरठ-कुमारी विवाहाची ती कहाणी. राजद्रोह शोधूनही सापडणार नाही. प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. या घटनेनंतर काही आठवड्यांतच, १९१० च्या आरंभी, ‘कीचकवधा’वर बंदी आली, त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोलने ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात नाटकाची रूपककथा सविस्तर उलगडून इंग्रज वाचकांपुढे ठेवली. फळ्यावरचा आमचा तक्ता त्याने आमच्या किती तरी आधी काढून ठेवला होता, हे लक्षात आल्यावर आम्हाला थोडे ओशाळल्यासारखे झाले. साहित्याचे अध्यापक आणि साम्राज्याचा पत्रकार एकच वाचन करीत असतील तर कुठे तरी चुकते आहे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे निम्मे मिळते. कर्झन गेला तरी कीचकाची जागा रिकामी नव्हती. जो अधिकारी पहिल्या रांगेत बसेल त्याला ती लागू पडत होती. नाशिकच्या रात्रीनंतर सरकारला भीती वाटू लागली ती संहितेची कमी आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षागृहाची जास्त.

पण उरलेले निम्मे उत्तर आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘कीचकवध’ ही शोकांतिका नव्हेच. अन्याय, संयम, वध आणि समाधान असा तिचा सरळ मार्ग आहे. प्रेक्षक घरी जातो तो मुठी आवळून, पण मनाने निर्धास्त. वाईट माणूस बाहेरचा होता आणि तो मेला. खाडिलकरांची खरी शोकात्म धास्ती पाहायची तर दोन वर्षांनी आलेल्या ‘भाऊबंदकी’कडे (१९०९) वळले पाहिजे.

शेक्सपिअरची शोकांतिका मराठीत तेव्हा नवी नव्हती. आगरकरांचे ‘विकारविलसित’, देवलांचे ‘झुंझारराव’ प्रेक्षकांना ठाऊक होते. खाडिलकरांनी वेगळे काही केले असेल तर ते हे, की भाषांतर न करता त्यांनी ती दृष्टीच पेशवाईत नेली. ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ मध्ये हॅम्लेटचा विषाद आणि इयागोचे कपट शनिवारवाड्यात नांदते. ‘भाऊबंदकी’त ३० ऑगस्ट १७७३ ला झालेला नारायणरावाचा खून आहे: खुनामागे सख्खा चुलता राघोबा, त्याच्या पाठीशी आनंदीबाई, आणि ‘ध’चा ‘मा’ ही लोकांच्या तोंडी असलेली आख्यायिका. (इतिहासाने ती सिद्ध झालेली नाही, मराठी भाषेने मात्र कधीच मान्य करून टाकली आहे.) लेडी मॅक्बेथशी आनंदीबाईची तुलना समीक्षकांनी इतकी केली आहे की आम्ही तिच्यात भर घालत नाही. साम्यापेक्षा जिथे ही दोन नाटके फुटतात ती जागा आम्हाला खुणावते.

‘मॅक्बेथ’मध्ये खुन्याचा निकाल कसा लागतो? राजपुत्र इंग्लंडात आश्रयाला जातो आणि दहा हजार इंग्रज सैनिक घेऊन परततो. दोन्ही मुकुट एका मस्तकावर आणणाऱ्या जेम्सला हे दृश्य सुखाचेच वाटले असणार. इंग्रजांची मदत ही तिथे औषधाची मात्रा आहे. पुण्याच्या इतिहासात नेमके उलटे घडले. इंग्रजांकडे गेला तो खुनी राघोबा. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्याने साष्टी आणि वसई कबूल केली आणि अडीच हजार सैन्य मागून घेतले. १९०९ च्या मराठी प्रेक्षकाला ही पुढची कथा शाळेपासून पाठ होती. पडदा पडल्यावर काय होणार हे जाणूनच तो नाटक पाहत होता, आणि ज्यांचे राज्य त्या सैन्यामागून आले त्यांचाच पोलीस कदाचित प्रेक्षागृहाच्या दाराशी उभा होता.

दुसरा फरक रामशास्त्री प्रभुण्यांचा. राज्यावर बसलेल्या पुरुषाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश १६०६ च्या लंडनच्या रंगभूमीवर कल्पिणेही अवघड होते. तिथे राजाचा न्याय तलवारीने किंवा दैवाने व्हायचा. प्रत्यक्षात लंडनमध्ये न्यायासन मांडून राजाला शिक्षा झाली ती १६४९ साली, आणि तोवर नाट्यगृहांना टाळे लागून सात वर्षे होत आली होती. मराठी शोकांतिकेला हा न्यायाधीश इतिहासाने आयता दिला. परंतु रामशास्त्र्यांचे वजन कोठे आहे ते नीट पाहावे. शिक्षा ते सांगतात. ती अमलात आणणारे कोणी नाही. ते पुणे सोडतात, राघोबा तिथेच राहतो. हा न्यायाचा विजय म्हणून शिकवण्याची आपली सवय आम्हाला पटेनाशी झाली आहे. सत्य उच्चारले जाते आणि राज्य तसेच चालू राहते, यातच शोकांतिकेची बोच आहे.

‘भाऊबंदकी’ हा शब्द त्या वर्षी कोणाच्या कानी कसा पडला असेल? नागपुरात राहणाऱ्यांना याचा विचार जरा जास्त टोचतो. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन ठरले होते आमच्याच गावी. गंगाधरराव चिटणविसांसारखे नेमस्त आणि डॉ. मुंज्यांसारखे जहाल यांच्यात अध्यक्षपदावरून इतके पेटले की अधिवेशन इथून उचलून सुरतेला न्यावे लागले. डिसेंबरात तिथे मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस दुभंगली. सहा महिन्यांनी टिळक पकडले गेले तेव्हा बाहेर एकजूट उरली नव्हती. खाडिलकर टिळकांच्या निकटचे. हे सारे त्यांनी जवळून पाहिले. नाटक त्यावरच लिहिले असे आम्ही म्हणत नाही. राघोबाच्या जागी अमुक नेता असा नवा तक्ता काढण्याची तर मुळीच इच्छा नाही. पण कीचकाकडे बोट दाखवणाऱ्या लेखकाला दोन वर्षांत घरातल्या राघोबाकडे वळावेसे वाटले, ही गोष्ट दोन नाटके स्वतंत्र तासांना शिकवल्यामुळे आमच्या नजरेतून निसटली होती.

यंदा आम्ही क्रम बदलला. आधी ‘मॅक्बेथ’चे शेवटचे प्रवेश, मग ‘भाऊबंदकी’, आणि ‘कीचकवध’ सर्वांत शेवटी. फळा कोरा ठेवला. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, राघोबा सुरतेला गेला आणि काँग्रेसही सुरतेलाच फुटली, हे खाडिलकरांच्या लक्षात आले असेल का?